छतावरील पाण्याची टाकी : झाकण आणि आच्छादन

भारतातील बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. त्यामुळे पाणी साठविणे ही प्रत्येक कुटुंबाची गरज ठरली आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातही दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाद्वारे घरोघरी पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले. मात्र शुद्ध केलेले पाणी एकदा घरच्या टाकीत पडले की, त्याची शुद्धता राखण्याची जबाबदारी कुटुंबावर येते.

झाकण का हवे?

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती आणि शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफिलिस स्टिफेन्सी हे दोन्ही डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याचे आवाहन केले जाते. छतावरील मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी करणे अवघड असते. तेथे घट्ट झाकण हाच खात्रीचा उपाय होय. टाकीत हवा खेळती राहण्यासाठी बसविलेली नळी आणि जादा पाणी वाहून जाणारा पाइप यांच्या तोंडांनाही बारीक जाळी बसविणे आवश्यक आहे. ती तोंडे पूर्णपणे बंद करू नयेत. एडिसची अंडी कोरड्या अवस्थेतही अनेक महिने तग धरतात. त्यामुळे सफाई करताना टाकीच्या भिंती घासून धुणे महत्त्वाचे ठरते.

झाकणामुळे सूर्यप्रकाश अडतो व शेवाळ वाढत नाही. पाण्यातील क्लोरीनही ऊन आणि उष्णता यांमुळे लवकर नाहीसे होते. झाकण व सावली असल्यास ते अधिक काळ टिकते.

आच्छादनाचे कार्य

आच्छादन स्वतः उष्णता किंवा थंडावा निर्माण करीत नाही. ते उष्णतेच्या देवाणघेवाणीचा वेग कमी करते. थर्माकोल, वाळलेले गवत अथवा तागाची पोती यांत अडकून राहिलेली हवा हे कार्य करते. आच्छादन भिजले की, हवेची जागा पाणी घेते आणि उपयोग घटतो. त्यासाठी त्यावर जलरोधक आवरण हवे. उष्ण प्रदेशात टाकीवर मांडव घालणे, तिला पांढरा रंग देणे आणि तापलेल्या स्लॅबपासून ती उंच चौथऱ्यावर ठेवणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत. उघडे पाइप टाकीच्या आधी तापतात, म्हणून तेही गुंडाळावेत.

लेहसारख्या थंड प्रदेशात प्रश्न उलटा असतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व पाइप फुटतात. तेथे टाकी घराच्या आत ठेवणे हिताचे असते. ती उबदार खोलीच्या वर असल्यास बाजू व माथा झाकून तळ मोकळा ठेवावा, म्हणजे खालची ऊब पाण्याला मिळते.

राजस्थानच्या मरुभूमीतील जमिनीखालील झाकलेला 'टांका' याच तत्त्वावर आधारलेला आहे. तेथे भोवतालची माती हेच आच्छादन असते. पाणी घरापर्यंत आणण्यासाठी शासन मोठा खर्च करते. ते पिण्यायोग्य राहावे यासाठी कुटुंबाने करावयाचा खर्च त्या मानाने अल्प आहे. मात्र तो टाळल्यास त्याची किंमत आजारपणाच्या रूपाने मोजावी लागते.