नैरोबीच्या वस्त्यांत अंगावरचं दूध

कोरोगोचो आणि विवांदानी या नैरोबीतल्या झोपडवस्त्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथली जेमतेम २ टक्के बाळं पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर राहिल्याचं आढळलं. आयांना त्याचं मोल कळत नाही, असं मुळीच नाही. पण त्यांचं काम म्हणजे धुणीभांडी किंवा कारखान्यातली रोजंदारी. खाडा झाला की मजुरी बुडाली. मग तान्हं बाळ शेजारणीकडे नाहीतर वस्तीतल्या पाळणाघरात राहतं आणि ‘उजी’, म्हणजे पिठाची पातळ पेज, फार लवकर सुरू होते. केनियात तीन महिन्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. २०१७च्या आरोग्य कायद्याने कामाच्या जागी बाळाला पाजण्यासाठी वेगळी जागाही बंधनकारक केली. रोजंदारीवरच्या बाईच्या पदरात मात्र यातलं क्वचितच काही पडतं.