मत ग्राहकाचे, माप कोणाचे?

ग्राहकाला बाजाराचा राजा म्हणण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. पण राजाला दोन गोष्टी लागतात. निवाडा देण्याचा अधिकार ही पहिली. आणि निवाड्यापूर्वी खरी हकीकत आणून देणारा हेर ही दुसरी. आजच्या ग्राहकाला पहिली गोष्ट उदंड मिळाली आहे. कोणत्या उपाहारगृहाचा बर्गर उत्तम, कोणाचे मांस अस्सल आणि कोणाचे भेसळीचे. कोणत्या कंपनीचा स्मार्टफोन अव्वल आणि कोणाचा केवळ नावाने मोठा, याविषयी तो रोज हिरिरीने मत देतो, गुण देतो, तारे देतो. दुसरी गोष्ट मात्र त्याच्यापाशी क्वचितच असते. म्हणूनच या मतांचे मोल किती आणि त्यांची मर्यादा कोणती, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

बर्गर आणि फोन यांची एका दमात चर्चा करणे वरवर विचित्र वाटेल. एक वस्तू पाच मिनिटांत पोटात जाते, दुसरी काही वर्षे खिशात राहते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही वस्तू ग्राहकाच्या दृष्टीने बंद आहेत. खिम्याच्या टिक्कीत कोणत्या व किती जनावरांचे मांस आहे, हे खाणाऱ्याला दिसत नाही. काचेमागील बॅटरी कशी बनली आहे आणि फोनचा वेग कोणत्या आज्ञेने कमीजास्त होतो, हे वापरणाऱ्याला कळत नाही. या बंद वस्तूंविषयी उघड मते मात्र अगणित आहेत.

मताला स्वतःचे क्षेत्र आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने २०१४ मध्ये आपल्या ३२,४०५ वर्गणीदारांना निरनिराळ्या साखळी उपाहारगृहांविषयी प्रश्न विचारले. बर्गरच्या चवीसाठी २१ साखळ्यांना मिळालेल्या गुणांत 'द हॅबिट' ही तुलनेने लहान साखळी ८.१ गुणांनी पहिली आली आणि जगद्विख्यात मॅकडोनल्ड्स ५.८ गुणांनी अगदी तळाशी राहिली. चव हा खाणाऱ्याच्या अधिकारातील विषय आहे. तेथे हजारो जिभांचा कौल हाच अंतिम निकाल. परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, गोमांसाचा खिमा कितपत निर्धोक आहे असा प्रश्न आला, तेव्हा याच नियतकालिकाने वाचकांना कौल विचारला नाही. त्याने २६ शहरांतील दुकानांतून खिम्याची ३०० पाकिटे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासली. विष्ठेच्या संसर्गाची खूण असलेले जिवाणू प्रत्येक नमुन्यात आढळले. चवीसाठी मत आणि शुद्धतेसाठी माप, हा विवेक त्या संस्थेने पाळला. तो सर्वत्र पाळला जातो असे नाही.

या विवेकामागे अर्थशास्त्रातील एक उपयुक्त विचार आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांचे दोन वर्ग सांगितले. काही गुण खरेदीपूर्वी पाहून कळतात, जसे फोनचा आकार वा रंग. काही गुण वापरल्यावर कळतात, जसे बर्गरची चव. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये यात तिसऱ्या वर्गाची भर घातली. काही गुण असे असतात, की ते वस्तू वापरल्यावरही सामान्य ग्राहकाला कळत नाहीत. ते विश्वासावरच घ्यावे लागतात. मांसाची शुद्धता, जनावराला दिलेली औषधे, बॅटरीच्या आतील जोडणी हे सारे या तिसऱ्या वर्गात मोडते. ग्राहकाचे खरे नुकसान बहुधा याच वर्गात होते. आणि त्याचे मत सर्वांत दुबळे ठरते तेही येथेच.

१९९३ च्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम भागात 'जॅक इन द बॉक्स' या साखळीचे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण होते ई. कोलाय या जिवाणूचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार. मांसाच्या अखंड तुकड्यावर असे जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर राहतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना मात्र पृष्ठभाग आणि अंतर्भाग एक होतात, अनेक जनावरांचे मांस एकत्र मिसळते, आणि बाहेरचा जिवाणू टिक्कीच्या मध्यभागी जाऊन बसतो. तेथपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचली नाही तर तो जिवंत राहतो. वॉशिंग्टन राज्याच्या नियमाप्रमाणे टिक्कीचे आतील तापमान १५५ अंश फॅरनहाइट व्हावयास हवे होते. कंपनी १४० अंशांच्या संघीय दंडकावर चालली होती. या पंधरा अंशांचा फरक कोणत्या ग्राहकाच्या जिभेला कळणार होता? ज्यांनी ते हॅम्बर्गर खाल्ले, त्यांच्यापैकी बहुतेकांना काही झालेही नसेल, आणि विचारले असते तर त्यांनी ते उत्तम असल्याचाच निर्वाळा दिला असता.

शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपल्याकडील रीत भातापुरती ठीक आहे. कारण एका भांड्यातील भात एकाच आचेवर शिजलेला असतो. लाखो टिक्क्या आणि लाखो फोन यांना ती रीत लागू पडत नाही. तेथे एक शीत गोड लागले म्हणून सारे भांडे निर्दोष ठरत नाही.

घातक जिवाणू निदान आजाराच्या रूपाने तरी प्रकट होतो. भेसळ तेवढीही प्रकट होत नाही. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०१३ मध्ये आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ बर्गरांपैकी १० मध्ये घोड्याच्या मांसाचा अंश आढळला. टेस्को या दुकानसाखळीच्या एका नमुन्यात तर त्याचे प्रमाण गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के होते. हे बर्गर लोक दुकानांतून घरी नेत होते आणि मुलाबाळांना वाढत होते. त्याच पुरवठादारांपैकी एकाकडून मांस घेणाऱ्या बर्गर किंगलाही आपला पुरवठादार बदलावा लागला. या प्रकरणाचा उलगडा कोणाच्या जिभेने केला नाही. तो जनुकीय तपासणीने केला.

याचा अर्थ असा नव्हे, की अज्ञानामुळे ग्राहक केवळ भाबडाच होतो. तो तितक्याच सहजतेने अन्यायीही होतो. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत अफवा उठली, की हॅम्बर्गरमध्ये गांडुळांचे मांस मिसळतात. मॅकडोनल्ड्सचे रे क्रॉक यांना सांगावे लागले, की गांडुळे गोमांसापेक्षा कितीतरी महाग पडतात. तेव्हा अशी भेसळ करणारा व्यापारी दिवाळेच काढील! २०११ मध्ये टॅको बेल या साखळीवर कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. तिच्या सारणात केवळ ३५ टक्के गोमांस असल्याचा आरोप देशभर गाजला. कंपनीने मांस ८८ टक्के असल्याचे सांगून उरलेल्या घटकांची यादीच प्रसिद्ध केली. काही महिन्यांत दावा मागे घेण्यात आला, पण आरोपाचा आकडा अनेकांच्या स्मरणात राहिला. मापाचा आधार नसला, की स्तुती आणि निंदा या दोन्ही सारख्याच स्वस्त होतात.

फोनच्या क्षेत्रात हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपाने घडते. कारण येथे मोजण्याचे साधनही कधी कधी वस्तूच्याच स्वाधीन असते. ॲपलचा आयफोन ४ जून २०१० मध्ये बाजारात आला. विशिष्ट तऱ्हेने हातात धरला की त्याचा संपर्क क्षीण होतो, अशी तक्रार होऊ लागली. कंपनीने प्रथम कबुली दिली ती वेगळीच. पडद्यावरील संपर्कदर्शक रेघा मोजण्याचे सूत्रच चुकीचे होते. वास्तविकापेक्षा अधिक रेघा दाखविल्या जात होत्या! ज्या खुणेवरून ग्राहक मत बनवीत होता, ती खूणच खोटी निघाली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने आपल्या प्रयोगशाळेत दोष पडताळला आणि फोनची शिफारस करण्याचे नाकारले. त्यानंतर चारच दिवसांनी, १६ जुलै रोजी, स्टीव्ह जॉब्स यांनी सर्व खरेदीदारांना मोफत आवरण देण्याची घोषणा केली.

प्रतिस्पर्धीही निष्कलंक नव्हते. फोनांच्या वेगाची तुलना करण्यासाठी विशिष्ट चाचणी-कार्यक्रम वापरतात. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ च्या एका आवृत्तीत असे कार्यक्रम ओळखण्याची सोय होती, आणि परीक्षा सुरू झाली की त्याचा चित्रप्रक्रियक नेहमीच्या ४८० ऐवजी सुमारे ५३२ मेगाहर्ट्झ गतीने धावू लागे, हे २०१३ मध्ये 'आनंदटेक' या परीक्षण-नियतकालिकाने उघड केले. परीक्षक आल्याची चाहूल लागताच पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार. अशा आकड्यांवर विसंबून दोन फोनांची तुलना करणाऱ्या ग्राहकाने प्रामाणिकपणे चुकीचेच मत दिले असणार.

ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलेक्सी नोट ७ ची कथा तर या विषयाचे सारच आहे. आरंभीच्या परीक्षणांनी या फोनचे तोंड भरून कौतुक केले होते. पंधरवड्यातच फोन पेट घेत असल्याच्या वार्ता आल्या. कंपनीच्या तेव्हाच्या निवेदनानुसार दोषाचे प्रमाण दहा लाखांत २४ असे होते. म्हणजे दहा लाखांतील उरलेले सारे ग्राहक प्रांजळपणे पाच तारे देऊ शकत होते, आणि तरीही फोन धोकादायकच होता. सुमारे २५ लाख फोन परत घेण्याचे ठरले. बदलून दिलेलेही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरात उत्पादनच बंद करावे लागले. कारण शोधण्यासाठी कंपनीला दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासाव्या लागल्या. दोन निरनिराळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष आढळले. एकटा ग्राहक हे कसे ताडणार?

मग ग्राहकाच्या मताला काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. जुने आयफोन मंद होतात अशी कुरकूर अनेक वर्षे चालली होती आणि तो मनाचा खेळ मानण्याकडे अनेकांचा कल होता. बॅटरी बदलताच वेग पूर्ववत होतो असे २०१७ च्या अखेरीस काही वापरकर्त्यांच्या लक्षात आले. चाचणी-कार्यक्रम बनविणारे जॉन पूल यांनी असंख्य फोनांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा वेग ठरावीक पायऱ्यांनी उतरत असल्याचे दिसले. काही दिवसांतच ॲपलने कबूल केले, की बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग कमी केला जात होता. ग्राहकांना हे सांगितले नव्हते. २०२० मध्ये फ्रान्सने याच कारणासाठी कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. येथे मत बरोबर होते. परंतु ते सिद्ध झाले मापामुळे. मत ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्याद नोंदविणारे हजारो असावेत. मात्र निकाल देण्यापूर्वी पुरावा तपासणारा कोणी तरी असावा लागतो.

हा तपासणारा आपोआप निर्माण होत नाही. अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा १९०६ मध्ये आला तो अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने लोकमत खवळल्यावर. ओ१५७:एच७ हा जिवाणू असलेला खिमा भेसळयुक्त ठरविण्याचा निर्णय १९९४ मध्ये झाला तो चार मुलांच्या मृत्यूनंतर. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' काढणारी संस्था १९३६ मध्ये स्थापन झाली. ती व्यापारी जाहिराती घेत नाही आणि तपासावयाच्या वस्तू सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे बाजारातून विकत घेते. कंपनीने उसन्या दिलेल्या फोनवर परीक्षण लिहिणे आणि पदरचे पैसे मोजून घेतलेल्या फोनची परीक्षा करणे यांतील अंतर सांगावयास नको.

आपल्याकडे हा विषय आता परका राहिलेला नाही. मॅकडोनल्ड्सची भारतातील पहिली शाखा १९९६ मध्ये गोमांस व डुकराचे मांस वगळून सुरू झाली. पण कोंबडीच्या मांसाबाबतही ती कोठून आली आणि तिला कोणती औषधे दिली, हे प्रश्न तेच राहतात. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण व शुद्धता यांविषयी माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या प्रसिद्ध होणाऱ्या अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक ऐच्छिक स्वरूपात आणले. अभिप्राय देणारा खरा आहे की भाडोत्री, हे त्यामुळे कळण्यास मदत होईल. पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु पुरेसे नाही. अभिप्राय देणारा खरा असला म्हणून अभिप्राय खरा ठरत नाही. नोट ७ ला पाच तारे देणारेही खरेच ग्राहक होते.

म्हणून मतांच्या चाळणीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, गरज आहे ती स्वतंत्र प्रयोगशाळांची, नियमित नमुना-तपासणीची आणि तिचे निष्कर्ष नावानिशी प्रसिद्ध करण्याची. मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटीने आणि १९७५ पासून ग्राहक पंचायतीने चळवळीची परंपरा निर्माण केली आहे. पगारातून पै-पै बाजूला टाकून मुलासाठी फोन घेणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला शंभर मतांपेक्षा एक विश्वासार्ह चाचणी अधिक उपयोगी पडेल. अशा संस्थांना वर्गणीचे आणि सभासदत्वाचे बळ देणे, हे तारे वाटण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. पण हेर नेमण्याचा खर्च टाळणाऱ्या राजाला व्यापारी सांगेल तीच हकीकत खरी मानावी लागते.