माळ्याचे पंचांग आणि छायाचित्रकाराचा डोळा

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, महापालिकेचे पुष्पप्रदर्शन साधारणतः जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरते. त्या दिवसांत हौशी मंडळी गळ्यात कॅमेरा अडकवून येतात, इतरांच्या हाती भ्रमणध्वनी असतोच, आणि फुलांच्या ताटव्यापुढे उभे राहण्यासाठी अक्षरशः रांग लागते. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र जो ताटवा जानेवारीत टिपला जातो, तो वस्तुतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो, हे छायाचित्रात येत नाही.

पाऊस ओसरू लागला की माळी हंगामी फुलांचे बी गादीवाफ्यावर टाकतो. रोपे हाताशी आली की त्यांची लावणी. मग झेंडू-शेवंतीचा शेंडा खुडावयाचा, म्हणजे बगलफांद्या फुटून झाड भरदार होते. पण खुडल्याने फूल लांबते. म्हणून प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजीत खुडणी करावी लागते. गुलाबाची छाटणीही पावसाळा सरल्यावरची, आणि तिच्यानंतर फुलासाठी सहा-सात आठवडे वाट पाहणे आलेच. या काळात बागेत येणाऱ्यास उघडे वाफे, शेणखताचे ढीग आणि बोडकी झुडपे दिसतात. त्यांचे छायाचित्र कोण घेणार?

परिणाम असा की, बाग बारमाही फुललेली असावी, असा लोकांचा आग्रह होऊन बसतो. तो पुरवण्यासाठी रोपवाटिकेतल्या फुललेल्या कुंड्या आणून मांडावयाच्या आणि कोमेजल्या की उचलावयाच्या, ही रीत अनेक शहरांतील उद्यानांत रूढ झाली आहे. त्याला बागकाम म्हणावे की नेपथ्य, हा प्रश्नच आहे.

राणीच्या बागेचे खरे वैभव ताटव्यांत नाही, वृक्षांत आहे. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत ब्रह्मदेशाकडची उर्वशी आहे, आफ्रिकेतील गोरखचिंच आहे. उन्हाळ्यात निष्पर्ण उभी असलेली गोरखचिंच पाहून ती वठली, असे नवख्यास वाटते. पावसाच्या तोंडावर ती पालवते. तिचे मोठे पांढरे फूल सांजावताना उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. बाग बंद झाल्यावर उमलणारे हे फूल छायाचित्रकाराला सकाळी गळालेलेच मिळावयाचे, तेही झाडूवाला आधी पोहोचला नसेल तर!

२००७ च्या सुमारास येथील प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा या वृक्षांच्या काळजीने नागरिक उभे राहिले. अशा वादात भावनेपेक्षा नोंद उपयोगी पडते. कोणते झाड कोठे होते, त्याचा घेर व विस्तार केवढा होता, हे दाखवता आले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद केली खरी. पण शिरगणतीने संख्या कळते, अवस्था कळत नाही. पावसाळ्यापूर्वी शहरभर फांद्यांची छाटणी होते. ती मेलेल्या फांदीपुरती झाली की निम्मे झाड उतरवले गेले, हे ठरवावयाचे तर छाटणीआधीचे चित्र हाताशी हवे.

येथे शिक्षकांना सहज करता येण्याजोगे काम आहे. वर्गाने आपल्या गावच्या बागेतील एक झाड निवडावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून त्याचे छायाचित्र घ्यावे. मागे तारीख लिहावी, आणि त्या आठवड्यात माळ्याने काय केले, तेही त्यालाच विचारून टिपावे. आळी केव्हा केली, पालापाचोळा मुळाशी पसरला की उचलून नेला, पाणी किती दिवसांआड दिले, हे तोच सांगू शकतो. त्याच्याशी बोलण्याची आपल्याला सवय नाही, ही अडचण कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोठी आहे.

उद्यानखात्यानेही प्रवेशद्वाराशी, 'फुले तोडू नयेत' या पाटीशेजारी, चालू महिन्याची कामे खडूने लिहिलेला एक फळा टांगावा. त्याला निविदा काढावी लागणार नाही.