वेळेवर भरलेले हप्ते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या गुरूंनी, एडविन सेलिग्मन यांनी. मराठी वाचकाला सेलिग्मन भेटतात ते बहुधा एवढ्यापुरतेच. अमेरिकेत त्यांचं नाव मोठं होतं. करशास्त्रातले ते अधिकारी पुरुष, चढत्या दराच्या प्राप्तिकराचे खंदे पुरस्कर्ते. कोलंबियाने आंबेडकरांना पीएच.डी. रीतसर बहाल केली ते वर्ष १९२७. त्याच वर्षी सेलिग्मन यांचा एक दोन खंडांचा ग्रंथ बाजारात आला आणि त्याचा विषय होता हप्त्याने होणारी विक्री. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने मोटारीच्या आणि पियानोच्या हप्त्यांवर दोन खंड खर्ची घालावेत, यावरूनच त्या दशकात अमेरिकेत काय चाललं होतं याची कल्पना यावी. या अभ्यासाचा खर्च जनरल मोटर्सने उचलला होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

महामंदीच्या आधीच्या दहा वर्षांची आपल्याकडे एक ठरावीक गोष्ट सांगितली जाते. जॅझ, दारूबंदी आणि तिच्या आडोशाने चालणारे गुत्ते, केस कापलेल्या तरुणी, शेअर बाजाराची झिंग आणि १९२९ च्या ऑक्टोबरातली पडझड. ऋण काढून सण केला आणि मग त्याची फळं भोगली, असं त्या गोष्टीचं तात्पर्य. मला ते त्या काळच्या साध्या कुटुंबांवर अन्याय करणारं वाटतं. ही माणसं कर्जबुडवी नव्हती. हप्ता चुकू नये म्हणून ती पोटाला चिमटा घेत होती. मंदी इतक्या झपाट्याने घराघरांत शिरली, त्याचं एक मोठं कारण त्यांच्या या चोखपणात सापडतं.

१९२० साली अमेरिकेत सुमारे ८० लाख मोटारी नोंदलेल्या होत्या. १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. दशकाच्या सुरुवातीला जेमतेम ३५ टक्के घरांत वीज होती, अखेरीला ६८ टक्के घरांत. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून ऐकवले, तेव्हा ऐकणारे मूठभर होते. १९३० च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास घरांत रेडिओ निघाला. विजेच्या तारेमागोमाग इस्त्री आली, कपडे धुण्याचं यंत्र आलं, व्हॅक्यूम क्लीनर आला. आणि हे सगळं घेणाऱ्यांची मिळकत किती? ब्रूकिंग्ज संस्थेने नंतर हिशेब मांडला, तेव्हा १९२९ सालीसुद्धा जवळपास ६० टक्के कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न २,००० डॉलरच्या आत असल्याचं दिसलं. वस्तूंचा ढीग आणि खिशातली रोकड यांच्यामधली ही दरी हप्त्याने बुजवली.

हप्ता तसा जुनाच. सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास शिलाई मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली होती. एडवर्ड क्लार्क या भागीदाराची ती कल्पना. मागोमाग पियानो आणि फर्निचर आलं. पण हप्त्याने वस्तू घेणं प्रतिष्ठेचं नव्हतं. ते गरिबाचं, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरिताचं लक्षण मानलं जाई. ही लाज घालवली मोटारीने, आणि त्यामागे कारखानदारीची एक निकड होती. कारखाना बारा महिने गाड्या काढतो. गिऱ्हाईक मात्र येतं वसंतात, कारण उघड्या टपाची गाडी बर्फात आणि चिखलात चालवणार कोण? मधले महिने गाड्या ठेवायच्या कुठे? कारखान्याने त्या विक्रेत्याच्या गळ्यात मारल्या आणि पैसे रोख मागितले. विक्रेत्याकडे इतकी रोकड नव्हती, आणि बँका मोटारीसाठी कर्ज द्यायला नाखूश. म्हणून १९१९ साली जनरल मोटर्सने स्वतःचीच पतपुरवठा कंपनी काढली. आधी विक्रेत्याला कर्ज, मग त्याच्याच मार्फत गिऱ्हाइकाला. योजनेमागचं डोकं होतं जॉन रास्कोब या वित्ताधिकाऱ्याचं.

हेन्री फोर्डला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्याचा भर किंमत उतरवण्यावर. १९०८ साली ८५० डॉलरला निघालेली मॉडेल टी १९२४ पर्यंत २९० डॉलरवर आली होती. १९२३ मध्ये त्याने बचतीची योजना काढली: दर आठवड्याला बँकेत पाच डॉलर ठेवा, किंमत भरली की गाडी न्या. आपल्या आजीच्या पिढीला ही योजना अगदी शहाणपणाची वाटली असती. गिऱ्हाइकाला ती पटली नाही. समोरच्या दुकानात तेच पाच डॉलर गाडी आधी वापरत भरता येत होते. १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या काढून मॉडेल टी बंद झाली आणि पुढच्या वर्षी फोर्डनेही हप्त्यासाठी पतपुरवठा कंपनी उभी केली. तोवर दर चार मोटारींपैकी तीन हप्त्याने जात होत्या.

हप्त्याचं गणित जवळून पाहिलं पाहिजे, कारण पुढचं सारं त्यात आहे. समजा ६०० डॉलरची गाडी आहे. तिसरा हिस्सा, म्हणजे २०० डॉलर, आधी रोख. उरलेले ४०० आणि वर आकार असे बारा महिन्यांत फेडायचे. आकार सबंध रकमेवर धरलेला. मुद्दल दरमहा कमी होत जाई, आकार कमी होत नसे, त्यामुळे खरा व्याजदर दिसायला असे त्याहून कितीतरी जास्त पडे. गाडीची मालकी शेवटचा हप्ता भरेपर्यंत विकणाऱ्याकडेच. दहा हप्ते चोख भरले आणि अकराव्या महिन्यात नोकरी गेली, तर गाडी ओढून नेली जाई आणि भरलेले पैसेही बुडत. जितके हप्ते जास्त भरलेले, तितका चुकण्याचा फटका मोठा.

तरीही माणसं गाडी का घेत होती, हे इंडियाना राज्यातल्या मन्सी या गावाने सांगितलं. रॉबर्ट आणि हेलन लिंड हे पतिपत्नी १९२४ च्या जानेवारीत तिथे जाऊन राहिले आणि पस्तीस-छत्तीस हजार वस्तीच्या त्या कारखान्यांच्या गावाचं रोजचं जगणं त्यांनी टिपून घेतलं. १९२९ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात गावाचं नाव बदलून ‘मिडलटाउन’ ठेवलेलं आहे. मोडकळीस आलेल्या घरांत राहणाऱ्या, पण दारात मोटार असलेल्या २६ कुटुंबांची त्यांनी चौकशी केली. त्यांतल्या २१ घरांत आंघोळीचा टब नव्हता. हे वाचून नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र त्या २१ घरांचा निर्णय कळतो. गाडीमुळे कारखान्याजवळच्या कोंदट गल्लीत राहायची सक्ती संपत होती, लांबचं काम धरता येत होतं, रविवारी मुलांना घेऊन गावाबाहेर जाता येत होतं. टबाने यातलं काय दिलं असतं?

या ग्रंथात एक मोठी उणीव आहे. मन्सीच्या काळ्या वस्तीला लिंड दांपत्याने अभ्यासातून बाजूला ठेवलं. नेमकं तिथेच हप्त्याचं दुसरं रूप दिसलं असतं. मार्था ऑल्नी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९१८-१९ च्या सुमाराच्या घरखर्चाच्या सरकारी पाहणीचे कागद पुढे तपासले. दुकानदाराच्या वहीवरची उधारी गोऱ्या कुटुंबांना मिळत होती. काळी कुटुंबं हप्त्याकडे वळत होती. उधारीला दुकानदाराचा विश्वास लागतो. हप्त्याला तो लागत नाही, वस्तू उचलून नेता येते एवढं पुरतं. ज्यांच्या शब्दाला बाजारात किंमत दिली जात नव्हती, त्यांना जप्तीच्या अटीवर मिळेल ते घ्यावं लागलं.

शेतकऱ्यांच्या वाट्याला तर हे दशक आलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल. युद्धकाळातल्या भावांच्या भरवशावर जमीन घेतलेली. १९२० च्या वसंतात पौंडामागे ४० सेंटच्या घरात असलेला कापूस वर्षअखेरीस १४ सेंटच्या आसपास आला. १९२१ ते १९२९ या काळात पाच हजारांवर बँका बुडाल्या, त्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या. शेतमालाला आधार देणारं विधेयक अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ असं दोनदा नाकारलं.

सेलिग्मन यांचा निष्कर्ष हप्त्याच्या बाजूने पडला. घरात वापरायच्या वस्तूसाठी काढलेलं कर्ज म्हणजे उधळपट्टीच, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. कुटुंबाची क्षमता वाढवणारी वस्तू कारखान्यातल्या यंत्राइतकीच उपयोगाची ठरू शकते आणि हप्त्यामुळे माणसाला महिन्याचा हिशेब मांडायची शिस्त लागते, असं त्यांचं म्हणणं. पैसे देणारी कंपनी कोणती, याची शंका इथे येणारच. पण एका घरापुरतं पाहिलं तर ते चुकले असं मला वाटत नाही. लोक खरोखरच हप्ते फेडत होते. कोट्यवधी घरं एकाच वेळी हप्त्यात अडकलेली असताना नोकऱ्याच डळमळल्या तर काय होईल, हा प्रश्न मात्र त्यांच्या उत्तराने सुटत नव्हता.

रास्कोब तर याच्याही पुढे गेले. १९२९ च्या ऑगस्टमध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या घरगुती मासिकात त्यांची मुलाखत आली. महिन्याला १५ डॉलर चांगल्या शेअरमध्ये घाला, लाभांशही त्यातच ठेवा, वीस वर्षांत ८० हजार डॉलर होतील, असा सल्ला त्यांनी दिला होता. ३ सप्टेंबरला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. दलालांमार्फत शेअरसाठी दिलेली कर्जं ऑक्टोबरात साडेआठशे कोटी डॉलरपर्यंत चढली होती. २८ आणि २९ ऑक्टोबर या दोन दिवसांत बाजाराची जवळजवळ एक चतुर्थांश किंमत उडाली. पण १२ कोटी लोकवस्तीच्या त्या देशात शेअर दलालांची गिऱ्हाइकं होती १५ लाखांच्या आसपास. उरलेल्या घरांनी एकही शेअर घेतला नव्हता. तरी १९३० साली त्यांनी खर्चाचा हात इतका आखडता का घेतला?

ऑल्नी यांचं उत्तर हप्त्याकडे बोट दाखवतं, आणि ते मला पटतं. उत्पन्नाच्या मानाने घरांचं कर्ज दशकभरात दुपटीच्या घरात गेलं होतं. नोकरी जाण्याची धास्ती लागली तेव्हा गाडीचे सात-आठ हप्ते भरून झालेल्या माणसाला ती घालवणं परवडणार नव्हतं. मग कात्री लागली बाकी सगळ्याला. कोट पुढच्या वर्षी, मुलांचे बूट पुढच्या महिन्यात, खुर्च्या आहेत त्याच बऱ्या. प्रत्येक घराने आपापल्या जागी शहाणपणाच केला. त्या शहाणपणाने कापडाची गिरणी, चपलांचा कारखाना, फर्निचरचं दुकान यांचं गिऱ्हाईक एकदम आटलं. तिथले कामगार घरी बसले, आणि त्यांच्याही डोक्यावर हप्ते होतेच. नवी गाडी घेण्याचा तर प्रश्नच उरला नाही: १९२९ मध्ये जवळपास ४५ लाख मोटारी निघाल्या, १९३० मध्ये २८ लाख, १९३२ मध्ये ११ लाख.

रॉबर्ट लिंड १९३५ साली पुन्हा मन्सीला गेले आणि १९३७ मध्ये त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला. नव्या गाड्यांची विक्री कोसळली होती, पण पेट्रोलचा खप फारसा घटला नव्हता. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या उधळेपणाची चर्चा झाली, ती कुटुंबं फेडून झालेली जुनी गाडी दुरुस्त करत, तिच्यातूनच काम शोधत फिरत होती.