दिवसाला 108 हातमोजे

डेसफ्लुरेन या भुलीच्या वायूवर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून बंदी घातली. दुसरा पर्यायच नसेल अशा रुग्णांपुरती सूट ठेवली आहे. निर्णय उत्तम आहे, त्याचं स्वागतच करायला हवं. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवणारा हा वायू वापरण्याचं फारसं कारण उरलं नव्हतं, कारण सेव्होफ्लुरेन हा भुलीचा दुसरा वायू हाताशी होताच. पण म्हणूनच ही सोपी लढाई होती. अवघड लढाई ऑपरेशन थिएटरच्या पलीकडे, आयसीयूत आहे. तिथे एक बाटली बदलून भागत नाही.

रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातल्या फार्मासिस्ट निकोल हुनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम केलं, जे कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला करता येईल. आपल्या आयसीयूच्या 2019 सालच्या खरेदीचा त्यांनी पूर्ण हिशेब मांडला. काय काय आलं, ते कशाचं बनलं होतं आणि शेवटी गेलं कुठे? 2,839 रुग्णांसाठी 247 टन सामान लागलं होतं. त्यातलं 50 टन घातक कचरा म्हणून जाळलं गेलं. एका रुग्णामागे एका दिवसाला 17 किलो सामान, 12 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आणि 300 लिटर पाणी. 2023 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा सगळ्यात जास्त भार टाकणाऱ्या वस्तूंच्या यादीत कोणतंही भारी औषध नव्हतं. यादीत होते साधे हातमोजे, आयसोलेशनचे गाऊन, रुग्णाखाली अंथरायचे अंडरपॅड, मास्क आणि सिरिंज. त्यातही हातमोजे एका रुग्णामागे दिवसाला 108. जपमाळेत जेवढे मणी, तेवढे.

एवढे हातमोजे रुग्णाला वाचवायला लागतात का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन याबाबत स्वच्छ आहे. रक्त, शरीरातले स्राव, जखम यांच्याशी संबंध येणार असेल तर हातमोजे हवेतच. पण रक्तदाब मोजताना, नाडी पाहताना, तोंडाने गोळी देताना, चादर बदलताना, केसपेपरवर नोंद करताना त्यांची गरज सर्वसाधारणपणे नसते. गरज असते हात धुण्याची, आणि नेमकी तीच हातमोज्यांमुळे मागे पडते. एकदा घातले की आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. त्याच हातांनी पंपाचं बटण, पडदा, बेडची कड आणि पुन्हा रुग्ण असा प्रवास होतो. जंतूला रबर आणि कातडी सारखीच. म्हणजे इथे पर्यावरण आणि रुग्णाची सुरक्षितता यांत भांडणच नाही, आणि माझ्या मते हीच या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने 2018 मध्ये हे करून दाखवलं. शिरेतून द्यायची औषधं तयार करताना परिचारिका सवयीने हातमोजे घालत होत्या. कधी हवेत, कधी नकोत, हे तिथे नव्याने शिकवलं गेलं. वर्षभरात सुमारे 21 टन प्लास्टिक वाचलं, पैसाही वाचला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आयसीयूचा मोठा बोजा विजेचा असतो. मेलबर्नचे अतिदक्षता तज्ज्ञ फोर्ब्स मॅकगेन यांच्या गटाने सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा हिशेब केला. ऑस्ट्रेलियातल्या विभागात एका रुग्णामागे दिवसाला 88 किलो उत्सर्जन निघालं, अमेरिकेतल्या विभागात 178 किलो. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा ऊर्जेचा, आणि ती मुख्यतः हवा खेळती, थंड किंवा गरम ठेवण्यात जाते. हुनफेल्ड यांनी वस्तू मोजल्या, मॅकगेन यांनी वीजही मोजली, म्हणून आकडे वेगळे. आपली बहुतेक वीज कोळशावरची, त्यामुळे आपल्याकडेही हा बोजा हलका नसणार. पण कोळसा कोणत्याही सिस्टरच्या हातात नाही. हातमोज्यांचा खोका आहे.

रक्ततपासण्यांचंही तेच. मॅकगेन यांच्याच गटाने दाखवलं की एका सीबीसीमागे, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीमागे, सुमारे 116 ग्रॅम उत्सर्जन होतं, आणि त्यातला बराचसा भाग यंत्राचा नसून नमुना घेण्याचा असतो: ट्यूब, सुई, स्वॅब, पुन्हा हातमोजे. ‘रोजचं रूटीन’ म्हणून सकाळी सहाला काढलेलं रक्त जर उपचारात काहीच बदलणार नसेल, तर ते काढायचं कशाला? आधीच अशक्त झालेल्या माणसाचं रक्त त्यात जातं ते वेगळंच.

आपल्याकडे दुसरं टोकही आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत हवे तेव्हाही हातमोजे मिळत नाहीत; त्यांना काटकसर शिकवणं हा अन्याय ठरेल. प्रश्न आहे तो मोठ्या खासगी आयसीयूंचा, जिथे ‘कन्झ्युमेबल्स’चा आकडा बिलात फुगत जातो. कमी साधनांत सुरक्षित काम करणं आपल्याला परकंही नाही. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं उत्सर्जन सुमारे 6 किलो, ब्रिटनमध्ये त्याच शस्त्रक्रियेचं सुमारे 130 किलो. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे आयसीयू नव्हे, हे मान्य. पण जास्त फेकलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज तिथे मोडला.

आणि हा कचरा कुठेतरी जातोच. नियमाप्रमाणे नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत पडले तर निर्जंतुक करून पुनर्चक्रणाला जाऊ शकतात. घाईत पिवळ्या पिशवीत पडले तर भट्टीत. मुंबईतली अशी भट्टी गोवंडीच्या वस्तीजवळ होती, म्हणून तिथल्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

रुग्णालयांनी दर महिन्याला हातमोज्यांचा खप आणि हात धुण्याचं प्रमाण, दोन्ही आकडे विभागात शेजारी शेजारी लावावेत. आणि आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या आपण नातेवाइकांनी सिस्टर हातमोज्यांशिवाय रक्तदाब मोजताना दिसली तर तक्रार करू नये. त्याऐवजी एवढंच विचारावं: हात धुतलेत ना?