साडेचार गिगाहर्ट्झची चढण

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वेग ही कंपनीने दिलेली हमी असते, चिपची कमाल मर्यादा नव्हे. एकाच वेफरमधून निघालेल्या चिप्स सारख्या नसतात. काही कमी व्होल्टेजवरही चपळ चालतात, काही जेमतेम चाचणी पार करतात. छापलेला आकडा त्या जेमतेम चिपलाही पाळता यायला हवा, तोही कोंदट कॅबिनेटमध्ये, धुळीने माखलेल्या पंख्याखाली, वर्षानुवर्षे. म्हणून कंपनी मध्ये बरीच मोकळीक सोडते. ती मोकळीक वापरून घेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए या कामासाठी गाजला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ३०० मेगाहर्ट्झने चालणारा हा स्वस्त प्रोसेसर बस १०० वर नेताच ४५० ने धावू लागे, आणि पुष्कळदा तेवढे पुरे होई.

कामाची पद्धत समजून घ्यायला मात्र जानेवारी २०११ मध्ये आलेला कोअर आय७-२६००के अधिक सोयीचा. चार कोअर, ३२ नॅनोमीटर, ९५ वॉट, मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. हा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक आणि ३४ चा मल्टिप्लायर. या पिढीत बेस क्लॉकला बाकीच्या बसही बांधलेल्या आहेत. तो चार-पाच मेगाहर्ट्झने वाढवला तरी हार्ड डिस्कपासून सगळेच कुरकुरू लागते. त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. नावाच्या शेवटच्या ‘के’चा अर्थ मल्टिप्लायर खुला आहे असा, आणि सारा खेळ त्याच्यावरच.

बायोसमध्ये जाऊन ३४ चे ४५ करायला दहा सेकंदही लागत नाहीत. खरे काम व्होल्टेजचे आहे. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चिपमधले ट्रान्झिस्टर उघडतात-मिटतात, आणि पुढचा ठोका पडायच्या आत प्रत्येक संकेत मुक्कामी पोचलेला असावा लागतो. ठोके जवळ आले की संकेताला वेळ कमी पडतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर उघडतो आणि तो वेळ भरून निघतो. त्याची किंमत उष्णतेत चुकवावी लागते. खर्च होणारी शक्ती वेगाच्या सम प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. या कामातली बहुतेक दुखणी त्या वर्गातून उपजतात.

तयारी कंटाळवाणी असते, म्हणूनच ती टाळली जाते. खोक्यातून आलेला छोटा कूलर या कामाचा नव्हे. उंच, हीटपाइपवाला कूलर किंवा लिक्विड कूलर हवा. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची गरज नसते. मदरबोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक असावा, कारण तोही तापतो. रॅम सुरुवातीला मूळ वेगावर आणि १.५ व्होल्टवरच ठेवावी. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की चूक कोणाची ते कळत नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढावी. आणि काहीही बदलण्याआधी मूळ वेगावर पूर्ण भार देऊन तापमान, व्होल्टेज आणि खोलीचे तापमान वहीत टिपून ठेवावे.

मग चढण सुरू होते. मल्टिप्लायर ४० करावा आणि व्होल्टेज, म्हणजे व्हीकोर, तसेच सोडावे. बहुतेक २६००के इथवर तक्रार करत नाहीत. बायोसमधली ‘ऑटो’ सोय मात्र बंद करून तेच व्होल्टेज हाताने लिहावे. बोर्ड स्वतः ठरवतो तेव्हा यंत्र बंद पडू नये म्हणून तो गरजेपेक्षा सढळ हाताने व्होल्टेज ओततो. यानंतर एकेक पायरी: ४२, ४३, ४४. प्रत्येक पायरीला प्राइम९५ किंवा तत्सम चाचणी पंधरा-वीस मिनिटे. यंत्र अडखळले की व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवायचे आणि पुन्हा चाचणी. विंडोजचा निळा पडदा आला तर त्यावरचा कोड टिपावा. ०x१०१ किंवा ०x१२४ दिसला की जाणकार पहिला संशय कमी व्होल्टेजवर घेतात. यंत्र सुरूच होत नसेल तर बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या जंपरने सारे मूळ पदावर येते. वेगापोटी चिप सहसा मरत नाही, व्होल्टेजपोटी मरते.

एखाद्या बऱ्या चिपची वही साधारण अशी दिसेल: ४.२ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट, ४.४ ला १.२५, ४.५ ला १.३०, ४.६ ला १.३६, ४.७ ला १.४३. आकडे चिपगणिक बदलतात, चढणीचा आकार बदलत नाही. आधी सपाट, मग एकदम खडी. ४.५ वरून ४.७ वर जाताना वेग साडेचार टक्केही वाढत नाही. व्होल्टेज मात्र दहा टक्के वाढते, आणि वेग व व्होल्टेजचा वर्ग यांच्या एकत्रित हिशेबाने उष्णता सुमारे २६ टक्क्यांनी. हा सौदा कोणी डोळसपणे करणार नाही. चढण जिथे खडी होते त्याच्या एक पायरी अलीकडे थांबणे, हेच या कामातले कसब. मित्राच्या चिपला ४.८ जमले म्हणून आपल्या चिपलाही जमेल, ही अपेक्षा निरर्थक.

इंटेलच्या कागदपत्रांत या पिढीसाठी १.५२ व्होल्ट असा आकडा सापडतो आणि अनेकांनी तो ‘सुरक्षित कमाल’ म्हणून वाचला. प्रत्यक्षात चिप बोर्डाकडे जे व्होल्टेज मागू शकते त्या मोजपट्टीचे ते शेवटचे टोक आहे. गाडीच्या स्पीडोमीटरवर २२० लिहिलेले असते, म्हणून कोणी घाटात २२० ने जात नाही. रोजच्या वापरासाठी १.३५ च्या आसपास थांबावे, असे या चिपवर हात बसलेल्या बहुतेकांचे मत.

बायोसमध्ये लिहिलेले व्होल्टेज आणि चिपला मिळणारे व्होल्टेज यांतही फरक असतो. पूर्ण भार पडला की ते थोडे खाली येते, आणि हे मुद्दाम योजलेले आहे. सोसायटीतले सगळे नळ एकदम सुटले की धार बारीक होते आणि एकदम बंद केले की नळीत धक्का बसतो. भार अचानक उतरला की व्होल्टेजही तसेच क्षणभर वर उसळते, आणि त्या उसळीला जागा राहावी म्हणून भाराखाली ते आधीच खाली ठेवलेले असते. ‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ ही सोय ही घट भरून काढते. ती कमालीवर ठेवली की पडद्यावरची रेघ सरळ दिसते आणि माणूस खूश होतो, पण मायक्रोसेकंदांची ती उसळी कुठलेच सॉफ्टवेअर दाखवत नाही. मधली पातळी बरी.

तापमानाचे भान वेगळे ठेवावे लागते. २६००के ९८ अंश सेल्सिअसला पोचली की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. प्राइम९५ च्या सर्वांत जाचक चाचणीत ८० च्या आत राहिली तर रोजच्या कामात ती निश्चिंत असते. कूलर मात्र उष्णता खोलीतल्या हवेला देतो, त्यामुळे खोलीच्या वर किती अंश, हाच खरा आकडा. पुण्यात डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारी चिप मे महिन्यात अकोल्या-नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ९२ च्या पुढे जाईल. पुढे अशासाठी की तापलेल्या चिपमधून गळणारा प्रवाहही वाढतो. हिवाळ्यात बसवलेले आकडे उन्हाळ्यात पुन्हा तपासावेतच. वीज जाण्याची सवय असलेल्या घरात आणखी एक हिशेब: १.२० वरून १.३० व्होल्ट आणि ३.४ वरून ४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे ९५ वॉटची चिप दीडशेच्या घरात. त्यात दणकट ग्राफिक्स कार्ड असेल तर ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा, घरगुती यूपीएस नेमका लाइट गेल्यावर मान टाकतो.

शेवटची परीक्षा वेळेची. पंधरा मिनिटांत पास झालेले यंत्र सहाव्या तासाला नापास होऊ शकते, म्हणून रात्रभर चाचणी चालवावी. प्राइम९५ ला प्रत्येक गणिताचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते चुकले की तो त्या कोअरवरचे काम थांबवतो. यंत्र बंद पडलेले परवडले, पण मुकाट्याने चुकीची बेरीज करून ती डिस्कवर लिहिणारे यंत्र घातक. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसत असतील, तर निळा पडदा न येताही व्होल्टेज कमी पडते आहे असे समजावे.

जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांचा खरा परिणाम पुढे दिसतो. प्रवाहाच्या रेट्याने चिपमधल्या धातूच्या तारांतले अणू हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टरही मंदावतात. दोन वर्षे १.३० वर बिनबोभाट चाललेली चिप मग १.३२ मागू लागते. अशा वेळी व्होल्टेज वाढवण्यापेक्षा वेग एक पायरी उतरवावा.

आजच्या प्रोसेसरमध्ये ही मोकळीक फारशी उरलेली नाही. कंपन्या ती स्वतःच वापरून विकतात. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी चिप्स जळण्याच्या घटनांनंतर एएमडीने त्यांचे एसओसी, म्हणजे कोअरबाहेरच्या भागाचे, व्होल्टेज १.३ वर रोखले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत वाढीव व्होल्टेजने चिप्स खराब होऊ लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये १.५५ व्होल्टवर बांध घालावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. यांतल्या अनेक चिप्स कोणी ताणल्या नव्हत्या, तरी ही गत. त्यामुळे नवा प्रोसेसर घेतलेल्याने वरचाच सारा क्रम उलट्या दिशेने करावा: वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडेथोडे उतरवावे, तीच चाचणी, तीच वही. ४.७ च्या हट्टापेक्षा त्यात जास्त पदरात पडते.