बीच लाकडाचे फ्लोअरिंग : घेण्याआधी काय पाहावे?

अक्कलकोट भागात घराची जमीन म्हणजे शहाबादी फरशी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शहाबाद आपल्याच सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर. दगड जवळचा, उन्हाळ्यात पायाला थंड, आणि रोज बादलीभर पाण्याने धुतला तरी त्याची तक्रार नाही. पुढे मोझॅक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या, तरी धुण्या-पुसण्याची सवय तीच राहिली. अशा गावात पुण्या-मुंबईला किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा घरावर माडी चढवताना "बेडरूमला बीचचे फ्लोअरिंग करा" म्हणतो, तेव्हा सुतार मिस्त्री आणि वखारवाला यांच्यावर मोठी जबाबदारी येते. गिऱ्हाइकाने चित्र पाहिलेले असते, लाकूड पाहिलेले नसते.

बीच हे युरोपातले झाड. आपल्याकडे त्याचा माल कांडला-गांधीधाम व न्हावा-शेवा या बंदरांतून येतो. घनमीटरला सुमारे ७०० किलो वजन, रेषा बारीक आणि एकसारख्या, रंधा गुळगुळीत चालतो. कठीणपणात ते सागवानाहून सरस आहे. वाफ देऊन ते छान वाकते, म्हणूनच युरोपात १८५९ साली निघालेली थोनेटची प्रसिद्ध गोल पाठीची खुर्ची बीचचीच होती. खुर्चीला, पलंगाला, खेळण्याला उत्तम लाकूड, यात शंका नाही.

परंतु जमिनीचा हिशेब वेगळा आहे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत बीचची फळी रुंदीत सुमारे ११ ते १२ टक्के आकसते, सागवानाची ५ ते ६ टक्के. फळी वाळवून बसवली तरी हा स्वभाव जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते, आणि पावसाळ्यात तीच हवा दमट. लाकडातला ओलावा त्याप्रमाणे चढ-उतार करतो. हा फरक केवळ ५ टक्के धरला, तरी १०० मिलिमीटरची फळी २ मिलिमीटरच्या आसपास हलते. दहा फूट रुंद खोलीत सर्व फळ्यांची बेरीज केली तर दोन इंचांवर जाते! मे महिन्यात गच्च बसवलेले फ्लोअरिंग ऑगस्टमध्ये उचलून येते, आणि ऑगस्टमध्ये बसवलेल्याच्या फटींत पुढच्या उन्हाळ्यात नाणे जाते. दोन्ही वेळा दोष मिस्त्रीच्या हाताला लागतो.

दुसरा ऐब वाळवीचा. जुन्या वाड्यांतील सागवानी तुळया आजही उभ्या आहेत, कारण सागाच्या गाभ्यात स्वतःचे तेल आहे. बीचला असे कोणतेही संरक्षण नाही. वाळवी आणि भुंगा दोघांनाही ते गोड लागते. यास्तव तळमजल्यावर, जमिनीला लागून असलेल्या कोब्यावर बीच घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा, आणि वजूचे ओले पाय घेऊन माणसे दिवसातून पाच वेळा जेथून जातात ती जागा यांनाही फरशीच बरी. वरच्या मजल्यावरची कोरडी खोली असेल तर विचार करावा.

बाजारात "बीच" या एकाच नावाने तीन माल मिळतात. पहिला अस्सल, अखंड फळीचा. दुसरा इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायचे आडवे-उभे थर आणि वर बीचचा थर. तिसरा लॅमिनेट, ज्यात बीचचा फक्त छापील फोटो असतो, खाली दाबलेला भुसा. लॅमिनेट विकणे गैर नाही, पण बीच म्हणून विकणे गैर आहे. ओळख सोपी आहे. कापलेली कड पाहावी, भुसा लगेच दिसतो. चार-सहा फळ्या शेजारी ठेवल्या की तीच रेघ, तोच डाग पुन्हा पुन्हा येतो. खऱ्या बीचवर आखूड तपकिरी रेघांचे ठिपके विखुरलेले असतात आणि कोणत्याही दोन फळ्या सारख्या नसतात. गुलाबी झाक दिसली म्हणून रंग लावला असे समजू नये, वाफवलेला बीच तसाच असतो.

आपल्या हवेला तिन्हींत इंजिनिअर्ड बीच अधिक मानवतो, कारण आडवे थर वरच्या लाकडाला धरून ठेवतात. मात्र वरचा थर किती जाड आहे हे विचारावे. ३ ते ४ मिलिमीटर असेल तर पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येते. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा असेल तर एका घासणीत खालचे प्लाय बाहेर येते.

अखंड फळीच हवी असेल तर भाव घनफुटाचा न ठरवता बसवलेल्या चौरस फुटाचा ठरवावा. इंची मालाच्या एका घनफुटातून कागदावर १२ चौरस फूट निघतात. रंधा, खाच आणि तुकडे वजा जाता तेवढे कधीच हाती पडत नाहीत, आणि भांडण तेथूनच सुरू होते.

बसवण्याची घाई करू नये. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, कारण तेव्हा हवा मधल्या अवस्थेत असते. माल त्याच खोलीत पट्ट्यांवर रचून आठ-दहा दिवस मोकळा ठेवावा. कोबा नवा असेल तर मीटरभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावे. खाली दव धरले तर काम थांबवावे. भिंतीलगत चोहोबाजूंनी १० ते १२ मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. ही फट म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवून द्यावे. आणि बिलावर मालाचा प्रकार, वरच्या थराची जाडी व "पाण्याने धुऊ नये" ही तीन वाक्ये लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. घरातील मोलकरणीलाही ते सांगावे, कारण बादली शेवटी तिच्या हातात असते.